मामाच्या पांढरीची परवानगी

मामाचा फोन आला तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत बसले होते. "पोरी, नांगराला विटा लागल्यात. मोठाल्या हायत. बघायच्या असतील तर आजच ये, उद्या भरावाला माती न्यायला डंपर यायचाय."

पेपरांचा गठ्ठा तसाच बांधून ठेवला, गाडी काढली आणि निघाले.

गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठावरचं. नाव मुद्दाम देत नाही. रात्री बॅटरी घेऊन खणायला येणाऱ्यांना पत्ता आयता मिळायला नको. नदीच्या वळणावर मामाच्या रानात एक चढ आहे, त्याला अख्खं गाव 'पांढर' म्हणतं. काळीत पीक घ्यायचं आणि पांढरीत घर बांधायचं, ही आपल्याकडची जुनी वाटणी. जिथं पिढ्यानपिढ्या चुली पेटल्या, गुरं बांधली गेली, मातीच्या भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली माती राखट आणि भुसभुशीत होते. गाव कधीतरी दुसरीकडं हलतं आणि मागं पांढर उरते. ती खताला चांगली म्हणून शेतकरी पाटीपाटीनं नेतात. हल्ली रस्त्याच्या भरावाला डंपरनं जाते.

मामानं बांधावर चार विटा मांडून ठेवल्या होत्या. एक उचलायला गेले तर एका हातानं पेलेना. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर. मोडलेल्या कडेत भाताच्या तुसाचे ठसे स्पष्ट दिसत होते, भाजताना जळून गेलेल्या एकेका तुसाची बारीक पोकळी. आजच्या भट्टीतली वीट अशी नसते. सातवाहन काळातल्या विटांबद्दल वाचलं होतं, पण अशी वीट मांडीवर घेऊन बसण्याचा योग पहिल्यांदाच आला.

मग मामीनं हळदीकुंकवाच्या डब्यातून एक नाणं काढून दाखवलं. "काळं पडलेलं, म्हणून चिंचेनं घासून ठेवलो बघ." नाणं शिशाचं होतं, आकाराच्या मानानं जड. एका बाजूला उभं धनुष्य आणि त्यावर चढवलेला बाण ओळखू येत होता. दुसरी बाजू पार गुळगुळीत झाली होती. शिसं मऊ असतं आणि आंबट त्याला सोसत नाही. दोन हजार वर्षं मातीत टिकलेलं एका संध्याकाळी पुसलं गेलं. मामीला काय बोलणार? देव्हाऱ्यातली भांडी जितक्या मायेनं घासते, तितक्याच मायेनं तिनं ते घासलं होतं.

धनुष्यबाणाचं नाणं म्हटल्यावर कोल्हापूरच्या इतिहासाच्या शिक्षिकेला राहवेल कसं? सातवाहन काळात कोल्हापूरच्या बाजूला राज्य करणाऱ्या 'कुर' राजांची ही नाणी पंचगंगेकाठच्या आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडली आहेत. प्रा. कुंदणगारांनी तिथं शोध घेतला आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. समुद्रदेव पोसायडनची ती रोमन काशाची मूर्ती तिथलीच. पंचगंगेच्या काठावरच्या माणसांचा भूमध्य समुद्राशी व्यवहार होता, याचा पुरावा म्हणून ती जगभर ओळखली जाते. आज ब्रह्मपुरीवर वस्ती आहे, तिथं आता फारसं खणता येण्यासारखं नाही. म्हणूनच मामाच्या रानातल्या या चढाकडं बघून माझ्या अंगावर काटा आला.

त्या रात्री दोन गोष्टी झाल्या. पहिली चांगली: मामानं डंपरवाल्याला फोन करून माती द्यायची नाही म्हणून सांगितलं. घेतलेला आगाऊ पैसाही परत केला. दुसरी माझ्या हातून झालेली चूक. मी पेठेतल्या तालमीच्या पोरांना फोन केला. माझे जुने विद्यार्थी. सुट्टीच्या दिवशी गडांवरची टाकी साफ करायला जातात, मन लावून करतात. तासाभरात सहा जण हजर झाले, कुदळी, पाट्या आणि एकाकडं ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर. "बाई, एक रात्र द्या. सकाळी सगळं तुमच्या टेबलावर."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. उद्या दुसराच कुणी उपसून नेईल, त्यापेक्षा आपणच काढून नीट ठेवू, असं वाटलं. पण आधी पुण्याच्या सरांना विचारावं म्हणून फोन लावला. ते पुरातत्त्वज्ञ. एका शिबिरात ओळख झाली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी पोरांच्या हातातली कुदळ खाली ठेवायला सांगा. मग बोलू."

पुढचा पाऊण तास ते बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. कुर राजांनी एकमेकांच्या नाण्यांवर आपला छाप मारला आहे. वासिष्ठीपुत्र विलिवायकुराच्या नाण्यावर माढरीपुत्र शिवलकुराचा आणि त्या दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्र विलिवायकुराचा. कुणाचा छाप खाली आणि कुणाचा वर, यावरून कोण आधी आणि कोण नंतर ते ठरलं. "मातीचं अगदी तसंच आहे," सर म्हणाले. "कुठल्या थराखाली काय आणि कुठल्या थरावर काय, एवढंच आपल्या हातात असतं. तुमचा डिटेक्टर वाजला, पोरानं भोक पाडून नाणं काढलं, की नाणं हातात येतं आणि त्याचा थर कायमचा जातो. मागाहून कितीही हळहळलात तरी तो पुन्हा रचता येत नाही."

पोरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. डिटेक्टरवाला पोरगा बराच वेळ गप्प होता. मग मशीन पिशवीत घालून म्हणाला, "मग रीतसर काय करायचं ते सांगा, आम्ही पळतो." पुढच्या वर्षभरात सगळ्यात जास्त पळापळ त्यानंच केली.

रीतसर म्हणजे काय, हे मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. रान आपलं, मग आपल्या रानात आपण खणायला कुणाची हरकत, असंच गावात सगळ्यांना वाटतं. पण १९५८ च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्यात उत्खननाचं स्वतंत्र प्रकरण आहे. जागा संरक्षित नसली तरी पुरातत्त्वीय उत्खनन करायचं किंवा कुणाला करू द्यायचं, तर राज्य सरकारलासुद्धा केंद्राची आधी संमती घ्यावी लागते. परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळतो. आलेले प्रस्ताव केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळाची स्थायी समिती तपासते. प्रस्ताव विद्यापीठाचा, संशोधन संस्थेचा किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा असावा लागतो. माझ्यासारख्या शाळेतल्या बाईनं किंवा तालीम मंडळानं आपल्या नावावर अर्ज करून भागत नाही. सर ज्या संस्थेत आहेत तिनं प्रस्ताव द्यायला होकार दिला, म्हणून आमचं गाडं पुढं सरकलं.

त्याआधी नाण्याचा प्रश्न होता. जमिनीत सापडलेल्या धनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मातीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती किंवा अंदाजे किती किमतीचं, कुठं आणि कोणत्या तारखेला. आणि ती चीज जवळच्या सरकारी कोषागारात जमा तरी करायची, नाहीतर तारण द्यायचं. मामाचा जीव कळवळला. "आपल्या रानातलं, आपणच नेऊन द्यायचं?" मी त्याला कायद्यातली पुढची कलमं वाचून दाखवली. कुणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसलं, तर सापडणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश वाटा. सरकारनं वस्तू घ्यायची ठरवली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घेता येते. आणि लपवून ठेवलं तर वर्षापर्यंत कैद. मामा म्हणाला, "कैद राहू दे, पोरी. तू म्हणतीस तर दिऊ."

त्याच आठवड्यात जुनी नाणी घेणारा एक जण शहरातून मोटारसायकलवर आला. कुणी सांगितलं त्याला, देव जाणे. ओट्यावर बसून चहा घेतला आणि नाण्याचे दोन हजार देऊ केले, आणखी सापडलं तर आणखी. मामीनं त्याला कपबशी परत मागितली आणि सांगितलं, "नाणं सरकारात जमा हाय." तेव्हा ते जमा व्हायला अजून दोन दिवस होते.

अर्ज लिहायला मी, दोन साक्षीदार म्हणून पोरं, नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पट्टी ठेवून काढलेले. एका कार्यालयात हा अर्ज नेमका कुणी घ्यायचा हेच ठरेना, तीन टेबलं फिरले. या कायद्याखाली इतक्यात कुणी अर्ज दिलाच नव्हता. शेवटी एका ज्येष्ठ कारकुनांनी कायद्याचं जुनं पुस्तक काढलं, कलम चार उघडलं, मला खुर्ची दिली आणि ओळ न ओळ माझ्याबरोबर वाचली. पावती हातात पडली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

आता मुख्य प्रस्ताव. सरांनी आधीच सांगून टाकलं, एकदम उत्खननाचं नाव काढायचं नाही. आधी पृष्ठभागावरची पाहणी, म्हणजे जमिनीला हात न लावता, वर पडलेलं नोंदवत फिरायचं. तिलाही परवानगी लागतेच. पहिला मसुदा मी लिहिला, मोठ्या हौसेनं. उद्देश या सदरात लिहिलं: 'कोल्हापूर परिसरातील सातवाहनकालीन दुर्मिळ वस्तूंचा शोध घेणे.' सरांनी त्या ओळीवर काट मारली. समासात लिहिलं, 'वस्तू सापडतील किंवा सापडणार नाहीत. तुमचा प्रश्न काय आहे?'

दोन दिवस मी त्या एका ओळीशी झगडत होते. माझा प्रश्न काय? मी वीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि पोसायडनचा फोटो दाखवला, पण ब्रह्मपुरीला धान्य कुठून जात होतं, असं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तिथं एवढी मोठी पेठ होती, व्यापारी येत होते, तर त्यांना पोसणारी खेडी कुठं होती? नदीच्या वर की खाली? पुराच्या पट्ट्यात की चढावर? मामाची पांढर त्या खेड्यांपैकी एक आहे का? हे लिहून पाठवलं तेव्हा सरांचा एका शब्दाचा निरोप आला: 'हेच.'

तरीही प्रस्ताव एकदा परत आलाच. नकाशावरची सीमा आणि गट नंबर जुळत नव्हते, आणि मिळालेली खापरं कुठं, कुणाच्या ताब्यात ठेवणार हे नीट लिहिलेलं नव्हतं. दुसरा मुद्दा वाचून मला आधी राग आला, मग पटला. गावोगावच्या मंदिरांत, शाळांच्या कपाटांत, पोत्यांत बांधून ठेवलेलं किती काय आहे, ज्यावर ना गाव लिहिलंय, ना तारीख. पोरांनी भूमी अभिलेखाचे उतारे काढले, मोबाईलवर प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश घेतले, नकाशा नव्यानं काढला.

खरी कसोटी लागली ती सात-बारावर. उताऱ्यावर अकरा नावं. आजोबांच्या पश्चात वाटण्या तोंडी झाल्या, कागदावर सगळे एकत्रच. जमीनमालकांची संमती हवी म्हणजे अकरा सह्या हव्या. नऊ मिळाल्या. इचलकरंजीचे एक मावसमामा आणि मुंबईला असलेली एक मामेबहीण अडून बसली. भीती एकच: "सरकार जमीन घेणार. पन्हाळ्यावाणी करतील. घराला पत्रा घालायचा तरी अर्ज."

ही भीती खोटी म्हणून झटकता येत नाही. पन्हाळा हा नांदता गड आहे, तिथं माणसं राहतात. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रण, हे २०१० च्या दुरुस्तीनं पक्कं झालं. २०२५ मध्ये मराठ्यांशी निगडित १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हाही तिथल्या लोकांच्या पोटात हीच धास्ती होती. मी इचलकरंजीला दोनदा गेले. मावसमामांना सांगितलं की पाहणी म्हणजे संरक्षित घोषित करणं नव्हे. तशी घोषणा करायची झाली तर आधी अधिसूचना निघते आणि हरकतींना दोन महिने मिळतात. कायद्याखालच्या उत्खननात पिकाचं, जमिनीचं नुकसान झालं तर भरपाईचं कलम आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली नाही. तिसऱ्या खेपेला मी मामीला बरोबर नेलं. तिनं कायद्याचं काही काढलंच नाही. फक्त चिंचेची गोष्ट सांगितली. "माझ्या हातानं देवाघरचं पुसलं गेलं, भावजी. आता शिकलेली माणसं बघतो म्हणतात, तर बघू देत." मावसमामांनी पेन मागितलं. मुंबईची सही कुरिअरनं आली.

परवानगीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतो. कागदावर वर्षभर दिसतं, पण पंचगंगेच्या काठावर त्यातले किती दिवस कामाचे? पाऊस ओसरून रान वापशाला यायला वेळ लागतो. मग उसाची तोड. उभ्या उसात जमीन दिसत नाही, तोड झाली तर पाचट पडलेलं असतं, आणि नांगरट झाली की लगेच लागण. ऊस तुटून, पाचट निघून, नवी लागण होण्याआधीचे पंधरा-वीस दिवस, तेवढ्यातच माती उघडी असते. तोडणीची टोळी कधी येणार हे कारखान्याच्या चिठ्ठीवर. हे सगळं आम्ही प्रस्तावात लिहिलं होतं, तारखांसकट. पत्र डिसेंबरात आलं आणि टोळी जानेवारीच्या शेवटी. त्या मधल्या दिवसांत मामानं रोज सकाळी फोन करून एकच विचारलं, "पोरी, अजून मुदत हाय नव्हं?"

फेब्रुवारीत आम्ही चौदा जण रानात उतरलो. पाच-पाच मीटरवर दोऱ्या ताणल्या, ओळीत चालायचं, दिसेल तिथं बारका झेंडा रोवायचा, जागा नोंदवायची, मग पिशवीत. प्रत्येक पिशवीवर गट नंबर, चौकटीचा आकडा, तारीख. डिटेक्टरवाला पोरगा वही सांभाळत होता, त्याचं अक्षर सगळ्यांत सुवाच्य. काळी-तांबडी खापरं निघाली, तांबड्या लेपाची चकचकीत खापरं निघाली, शंखाच्या बांगडीचे दोन तुकडे, एक मणी. सोनं-नाणं काही नाही. गावातली पोरं कुंपणाला उभी होती, दुसऱ्या दिवशी कंटाळून गेली.

पूर्वी डंपरनं जिथून माती नेली होती तिथं पुरुषभर उंचीचा उभा कडा राहिला होता. तो खरडून साफ करण्याची परवानगी आम्ही वेगळी मागून घेतली होती. सरांनी करणीनं हलक्या हातानं पातळ पापुद्रा काढला, ब्रश फिरवला, आणि भिंत बोलायला लागल्यासारखी झाली. वर नांगरटीची तपकिरी माती. मध्ये दोन बोटं जाडीचा पिवळसर, पिठासारखा बारीक पट्टा. त्याखाली राख, कोळशाचे कण, आणि राखेत रुतलेली विटांची एक ओळ.

सर पट्ट्याकडं बघत होते, काही बोलत नव्हते. मामा मागं उभा होता. पुढं झाला, त्या पिवळ्या पट्ट्याला नखानं स्पर्श करणार एवढ्यात थांबला आणि सरांना विचारलं, "हात लावू काय?" सरांनी मान हलवली. मामानं चिमूटभर माती बोटांत चोळली. "हा महापुराचा गाळ हाय. एकोणीसला आणि एकवीसला आमच्या सोप्यात असाच बसलेला. खोऱ्यानं वढलाय मी."

सरांनी वहीत लिहून घेतलं, मामाच्या शब्दांत, अवतरणचिन्हांत. खाली स्वतःचं लिहिलं: नमुना तपासणीला पाठवावा. अर्थ लावायची घाई त्यांनी केली नाही, आम्हालाही करू दिली नाही.

पाहणीचा अहवाल गेला. आता उत्खननाचा प्रस्ताव तयार होतोय, आणि यात मागच्यापेक्षा कागद जास्त. नियमाप्रमाणे सुरुवातीच्या तारखेआधी किमान तीन महिने अर्ज पोचला पाहिजे, आणि काम संपल्यावर अहवाल बंधनकारक. ब्रह्मपुरीचा अहवाल १९५२ साली छापला गेला म्हणून आज आम्ही आमचं खापर त्यातल्या खापराशी ताडून बघू शकतो. तो छापला नसता, तर तिथली सगळी मेहनत कपाटातली पोती झाली असती.

मध्ये एकदा मामीला टाऊन हॉल संग्रहालयात नेलं. ब्रह्मपुरीतल्या वस्तूंच्या कपाटापुढं ती खूप वेळ उभी राहिली, पदर तोंडाला लावून. बाहेर आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळंला काय बी सापडलं तर मी पाणी सुदिक लावत न्हाई."

मे महिन्यात वळवाच्या आधी आम्ही तो कडा झाकला. उघडी भिंत पावसात ढासळते, म्हणून आधी गोणपाट, मग त्याला टेकून वाळूची पोती, मग माती. पोरांनी दिवसभर पोती वाहिली. मामानं पांढरीचे चार गुंठे यंदा पड ठेवलेत, भोवतीनं उसाची लागण केली आहे. कोषागाराची पावती त्यानं सात-बाराच्या उताऱ्यात घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आहे आणि ट्रंक माळ्यावर चढवली आहे, पुराचं पाणी पोचणार नाही तिथं.